स्क्वॉट वाढला, मग क्लीन का वाढत नाही?

आमच्या व्यायामशाळेत बारच्या मागच्या भिंतीला एक फळा आहे. त्यावर सगळ्यांचे आकडे खडूने लिहिलेले असतात. मागे एकदा त्यावर दोन ओळी एकाखाली एक आल्या होत्या. वरची एका मुलाची : बॅक स्क्वॉट 150, क्लीन अँड जर्क 90. खालची एका मुलीची : बॅक स्क्वॉट 85, क्लीन अँड जर्क 68. (आकडे किलोत. बॅक स्क्वॉट म्हणजे बार मानेमागे घेऊन बसून उठणं. क्लीन म्हणजे बार जमिनीवरून खांद्यांपर्यंत आणणं, आणि जर्क म्हणजे तिथून तो डोक्यावर फेकणं.) मुलगा म्हणाला, "सर, स्क्वॉट 160 केला की क्लीन शंभरला जाईलच ना?" मुलगी म्हणाली, "सर, माझं टेक्निक कमी पडतंय. थोडे दिवस स्क्वॉट बंद ठेवू का?"

दोघांनीही नेमकं उलटं औषध मागितलं होतं. मुलाकडे ताकद पडून होती आणि तो आणखी ताकद मागत होता. मुलीने होती नव्हती ती ताकद वापरून संपवली होती आणि ती टेक्निकच्या मागे लागली होती. विहिरीत पाणी कमी आहे की पाइप गळतोय, हे पाहिल्याशिवाय कोणी मोटर बदलत नाही. वेटलिफ्टिंगमध्ये मात्र लोक ते रोज करतात.

हा लेख त्या तपासणीबद्दल आहे. स्क्वॉट, डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं), प्रेस (बार खांद्यांवरून हातांनी डोक्यावर ढकलणं) यांसारख्या मूळ ताकदीच्या व्यायामांचा स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्कशी नेमका संबंध काय, तो स्वतःपुरता कसा मोजायचा, आणि मोजल्यावर पुढचे आठ आठवडे काय करायचं. वर्षभर तरी बारशी झटापट केलेल्यांसाठी हे आहे. अगदी नवखे असाल तर गणितात पडू नका. पहिल्या वर्षात शिस्तीने केलेल्या कोणत्याही गोष्टीने सगळंच वाढतं.

ताकद पूर्ण का उतरत नाही

मांडीपासून बार वर फेकण्याचा जो झटका असतो, त्याला साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग मिळतो. स्नायूला आपला पूर्ण जोर लावायला त्याहून जास्त वेळ लागतो, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा अधिक. डेडलिफ्टमध्ये तीन-चार सेकंद कण्हत कुथत वजन वर आणता येतं, तिथे सगळी ताकद बाहेर पडते. स्नॅचमध्ये ती बाहेर पडायच्या आत खेळ संपलेला असतो. म्हणून डेडलिफ्ट 180 करणारा दणकट गडी 60 च्या स्नॅचला अडखळतो, आणि त्यात त्याची लाज नाही.

एकेकाळी निव्वळ ताकदीला या खेळात जास्त भाव होता. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत क्लीन अँड प्रेस हा तिसरा प्रकार स्पर्धेत होता. पुढे लिफ्टर इतके मागे झुकून प्रेस करू लागले की पंचांना बरोबर-चूक ठरवणं अवघड झालं आणि तो प्रकार गेला. उरलेले दोन्ही प्रकार वेगाचे.

तरीही ताकदीशिवाय गाडी हलत नाही. 100 किलोचा क्लीन मांडी पिंढरीला टेकेल इतक्या खोल पकडला, तर तिथून उठणं म्हणजे सरळ सरळ फ्रंट स्क्वॉट (बार पुढे खांद्यांवर धरून केलेला), आणि तोही दमल्यावरचा. फ्रंट स्क्वॉट 102 असेल तर क्लीन घेऊन उठाल, पण जर्कसाठी पायात काही उरणार नाही.

पहिली पायरी : खरे आकडे मिळवा

सहा आकडे लागतात : स्नॅच, क्लीन अँड जर्क, नुसता क्लीन, बॅक स्क्वॉट, फ्रंट स्क्वॉट आणि पुश प्रेस (गुडघ्यांचा झटका देऊन केलेला प्रेस). सगळे एका दिवशी काढू नका. पहिल्या दिवशी स्नॅच आणि बॅक स्क्वॉट. मध्ये दोन दिवस हलका सराव. मग क्लीन अँड जर्क आणि फ्रंट स्क्वॉट. पुश प्रेस तिसऱ्या एखाद्या दिवशी. वजन चढवताना शेवटच्या टप्प्यात अडीच किलोंच्या वर उडी नको, आणि दोन जड सेटच्या मध्ये तीन मिनिटं तरी बसा. अगदी एकाच रेपचं (रेप म्हणजे एकदा उचलणं) कमाल वजन घ्यायचं नसेल तर तीन रेपचं घ्या आणि त्यात दहा टक्के मिळवा. बरंच जवळचं उत्तर येतं.

आता सगळ्यात जास्त फसवणूक जिथे होते ती जागा. फळ्यावरच्या त्या मुलाला मी म्हणालो, "तुझा 150 चा स्क्वॉट दाखव." त्याने बार मानेखाली चांगला चार बोटं उतरवला, पाय फाकवले, कंबर मागे ढकलली आणि मांडी जमिनीला समांतर येते न येते तोच उठला. जिममध्ये याला कोणी नावं ठेवणार नाही. पण क्लीनमध्ये कंबर मागे टाकून कोण बसतं? बार खांद्याच्या वरच्या स्नायूवर, पाय क्लीन पकडताना असतात तितकेच रुंद, पाठ उभी, आणि बूड पिंढरीला लागेपर्यंत खाली, असा स्क्वॉट करायला लावला तेव्हा त्याचा आकडा निघाला 135. पंधरा किलो फळ्यावरच होते, पायात नव्हते.

बूट जे घालून लिफ्ट करता तेच घालून स्क्वॉट मोजा. वेटलिफ्टिंगच्या बुटाची टाच साधारण दोन सेंटीमीटर उचललेली असते, तिने बैठक बदलते. पट्टा बांधायचा तर सगळीकडे बांधा, नाही तर कुठेच नको.

दुसरी पायरी : गुणोत्तर मांडा

प्रशिक्षक मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेले ढोबळ आकडे असे. फ्रंट स्क्वॉट हा बॅक स्क्वॉटच्या 85 ते 90 टक्के. क्लीन अँड जर्क बॅक स्क्वॉटच्या 80 टक्क्यांच्या आसपास. स्नॅच बॅक स्क्वॉटच्या 60 ते 65 टक्के. स्नॅच हा क्लीन अँड जर्कच्या 80 ते 84 टक्के. आणि क्लीन हा फ्रंट स्क्वॉटच्या 85 ते 90 टक्के. ही वेदवाक्यं नाहीत. लांब हातापायाचा किंवा आखूड मांड्यांचा लिफ्टर यात दोन-चार टक्के इकडे तिकडे होणारच.

त्या मुलाचे आकडे दुरुस्त करून पाहू. बॅक स्क्वॉट 135, फ्रंट स्क्वॉट 122, म्हणजे 90 टक्के. पाय आणि पाठ ठणठणीत. क्लीन अँड जर्क 90, म्हणजे बॅक स्क्वॉटच्या 67 टक्केच. फ्रंट स्क्वॉटशी ताडला तर 74 टक्के. स्नॅच 72, म्हणजे 53 टक्के. पण स्नॅच आणि क्लीन अँड जर्क एकमेकांशी ताडले तर 80 टक्के, तिथे तक्रार नाही. दोन्ही प्रकार सारखेच मागे आहेत, म्हणजे दोघांत जे समान आहे तिथे गळती आहे. समान काय? जमिनीपासून कंबरेपर्यंतची ओढ.

मुलीचे : बॅक स्क्वॉट 85, फ्रंट स्क्वॉट 75, स्नॅच 55, क्लीन अँड जर्क 68. क्लीन अँड जर्क बॅक स्क्वॉटच्या बरोबर 80 टक्के, स्नॅच 65 टक्के, फ्रंट स्क्वॉटशी ताडला तर क्लीन अँड जर्क 91 टक्के. हिचा पाइप कुठेही गळत नाही. विहीरच आटली आहे. हिला स्क्वॉट बंद करायला सांगणं म्हणजे दुष्काळात मोटर दुरुस्त करत बसणं.

मोठ्या लिफ्टरांचे आकडे याच नजरेने पाहायला मला आवडतं. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 2022 मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ज्युनिअर जागतिक स्पर्धेचं सुवर्ण घेतलं, भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं. स्नॅच 70, क्लीन अँड जर्क 83. 84 टक्के, अगदी पाठ्यपुस्तकातलं. जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे 2021 च्या जागतिक स्पर्धेत 225 आणि 267 उचलतो. तेही 84 टक्के. शरीरं किती वेगळी, प्रमाण तेच.

मीराबाई चानूचं चित्र निराळं. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत तिने क्लीन अँड जर्कमध्ये 119 चा जागतिक विक्रम केला, त्याच दिवशी स्नॅच होता 86. म्हणजे 72 टक्के. 119 घेऊन उठणाऱ्या पायांना ताकद कमी आहे असं कोण म्हणेल? अडचण वर, खांद्याशी होती, आणि त्यासाठी तिने 2020 मध्ये अमेरिकेत जाऊन उपचार घेतले. टोकियोत 87 आणि 115 करून तिने रौप्य आणलं. स्नॅच मागे आहे म्हणून तिला कोणी स्क्वॉट वाढव म्हणालं असतं तर ते वाया गेलं असतं.

आणखी एक सावधगिरी सांगलीच्या संकेत सरगरच्या आकड्यांवरून शिकावी. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 55 किलो गटात 113 आणि 135 उचलले. गुणोत्तर काढाल तर सुरेख 84 टक्के येतं. पण ते 135 त्याचं पहिल्या प्रयत्नातलं वजन होतं. पुढे 139 ला कोपर दुखावलं, दोन्ही प्रयत्न गेले, आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. स्पर्धेच्या तक्त्यावरचा आकडा हा दर वेळी लिफ्टरची कमाल नसतो. स्वतःचेही असे अपघाती आकडे गणितात घेऊ नका.

तिसरी पायरी : गळती डोळ्यांनी पाहा

गुणोत्तर एवढंच सांगतं की गळती आहे. ती कुठे आहे हे फोन सांगतो. फोन कंबरेच्या उंचीवर, अगदी बाजूने, चार-पाच मीटरवर ठेवा. वजन तुमच्या कमाल आकड्याच्या 85 ते 90 टक्के असू द्या. 60 टक्क्यांवर सगळेच छान दिसतात.

पहिल्यांदा बार जमिनीवरून सुटून गुडघ्यापर्यंत येतो तेवढंच पाहा. कंबर आणि खांदे सोबत वर येतायत का? त्या मुलाची कंबर आधी वर जायची, खांदे तिथेच. गुडघ्याशी बार पोहोचेपर्यंत त्याची पाठ जमिनीला जवळजवळ आडवी झालेली. तिथून बार मांडीला घासत वर येण्याऐवजी पुढे झुलायचा आणि तो मग उडी मारून त्याच्यामागे धावायचा. ही सवय डेडलिफ्टची. जड डेडलिफ्टमध्ये कंबर आधी वर गेली तर भार पाठीवर येतो, पण वजन तरीही वर येतं. क्लीनमध्ये तिथेच खेळ संपतो.

मग पकड पाहा. क्लीन खांद्यावर पडतो तेव्हा कोपर वर आहेत की गुडघ्यांवर टेकायला आलेत. त्यानंतर उठताना पाहा. अर्ध्यात अडकून थरथरत असाल, तर ताकद कमी. खाली पोहोचताच पुढे पडत असाल, तर बहुधा ओढ चुकली. जर्कमध्ये डिप (बार फेकण्याआधी गुडघ्यांत घेतलेला छोटा वाक) घेताना भार चवड्यावर जातोय का पाहा. बार पुढे पडला की लोक लगेच खांद्याला दोष देतात. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा दोष त्या चार बोटांच्या डिपमध्ये असतो.

चौथी पायरी : व्यायाम निवडा

स्क्वॉटबद्दल वर बरंच झालं. एक उरलं : पाय कमी असतील तर बॅक स्क्वॉटने विहीर खोल करा आणि फ्रंट स्क्वॉटने ते पाणी क्लीनपर्यंत आणा. फ्रंट स्क्वॉट बॅकच्या 80 टक्क्यांखाली असेल तर पाय सोडून पाठीचा वरचा भाग तपासा. खाली तीन सेकंद थांबून केलेला हलका फ्रंट स्क्वॉट, कोपर छताकडे, हा तिथला सगळ्यात स्वस्त इलाज.

ओढीसाठी डेडलिफ्ट हवा का, यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं वाद चालतो. माझं मत सांगतो. पाठ कच्ची असलेल्या नवख्याला डेडलिफ्ट चांगला, पण क्लीनच्याच ठेवणीत करायचा : खांदे बारच्या किंचित पुढे, कंबर खाली, पाठ ताठ, दोन्ही तळवे स्वतःकडे, अंगठा बोटांखाली दाबलेला. एक हात उलटा धरून केलेल्या डेडलिफ्टचा क्लीनला काडीचा उपयोग नाही. पुढे गेल्यावर डेडलिफ्टची जागा क्लीन पुल आणि स्नॅच पुलने (त्या लिफ्टची नुसती ओढ, बार न पकडता) घ्यावी. वजन किती? पुल करताना वेग आणि ठेवण टिकते तितकंच. बहुतेकांना ते आपल्या लिफ्टच्या 90 ते 105 टक्क्यांत मिळतं. 90 चा क्लीन असलेल्याने 140 चे पुल ओढणं म्हणजे चुकीच्या वाटेवर सायकल जोरात मारणं.

पाठीच्या खालच्या भागासाठी रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे जवळजवळ सरळ ठेवून कंबरेतून वाकून उठणं) पुरेसा आहे, सहा ते आठ रेप, वजन स्नॅचच्या आसपास. गुड मॉर्निंग (बार मानेमागे घेऊन कंबरेतून वाकणं) करायचा तर बॅक स्क्वॉटच्या 30 टक्क्यांपासून सुरुवात करा. त्यात मर्दुमकी दाखवू नका.

प्रेस आणि पुश प्रेसचा जर्कशी संबंध लोक समजतात त्याहून पातळ आहे. जर्क पाय फेकतात, हात फक्त कुलूप लावतात. पुश प्रेस जर्कच्या 75 टक्क्यांच्या वर असेल तर खांद्यांना दोष देणं सोडा. स्नॅच वर धरून डगमगत असेल तर मात्र ओव्हरहेड स्क्वॉट (बार डोक्यावर धरून केलेला) आणि रुंद पकडीचा मानेमागचा पुश प्रेस कामाला येतो.

तालमीतल्या बैठका? त्यांनी गुडघा आणि घोटा मोकळा होतो, दम वाढतो. गरम व्हायला पन्नास बैठका मला आजही दहा मिनिटांच्या ट्रेडमिलपेक्षा बऱ्या वाटतात. स्क्वॉटची जागा त्या घेत नाहीत. मुद्गल फिरवणाऱ्या पोरांचे खांदे स्नॅचच्या पकडीत सहज मागे जातात, हेही मी पाहिलंय.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट, जी पुल बिघडवते. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटीमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर. गावच्या व्यायामशाळेत लोखंडी लहान प्लेट लावल्या की बार चार-पाच सेंटीमीटर खाली जातो आणि कंबर आपोआप वाकते. प्लेटखाली लाकडी फळ्या किंवा जुन्या रबरी मॅट टाकून उंची जुळवा. मग टेक्निकबद्दल बोलू.

पाचवी पायरी : आठ आठवड्यांत बसवा

नियम एकच पाळा : त्या दिवसाचं वेगाचं काम आधी, ताकदीचं नंतर. दमलेल्या पायांनी केलेला स्नॅच चुका पाठ करतो.

मुलीला आठवड्यात चार दिवस दिले. सोमवारी हलके स्नॅच, मग बॅक स्क्वॉट पाच रेपचे पाच सेट, 60 किलोपासून, दर आठवड्याला दोन किलो वाढवत चौथ्या आठवड्याला 66. पाचव्यापासून तीन रेपचे पाच सेट : 70, 72.5, 75. बुधवारी क्लीन अँड जर्क आणि फ्रंट स्क्वॉट तीन रेपचे चार सेट, 60 पासून. शुक्रवारी फक्त स्नॅच, स्नॅच पुल आणि पोट-पाठ. शनिवारी दोन्ही लिफ्ट 80 टक्क्यांपर्यंत, शेवटी थांबून केलेले फ्रंट स्क्वॉट दोन रेपचे तीन सेट. या काळात लिफ्टचे आकडे जागेवर राहतात, कधी दोन किलो मागेही जातात. पाय जड असतात. पाचव्या आठवड्यात तिने विचारलंच, "सर, मी मागे चाललेय का?" हा आठवडा प्रत्येकाला येतो, आणि बरेच जण इथेच कार्यक्रम बदलतात.

मुलाचा कार्यक्रम नेमका उलट. डेडलिफ्ट आठ आठवडे बंद. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. स्क्वॉट आठवड्यात दोनदाच, तीन रेपचे तीन सेट, 100 ते 108 किलो, म्हणजे आहे ते टिकेल इतकंच. वाचलेला सगळा वेळ ओढीला. गुडघ्याशी दोन सेकंद थांबून क्लीन पुल, 76 ते 86 किलो. गुडघ्याच्या वरून क्लीन. आणि थांबून केलेला पूर्ण क्लीन 65 ते 75 किलोवर, एक-एक रेप, पंधरा-पंधरा वेळा. प्रत्येक रेपनंतर मी दुसरं काही विचारायचो नाही, एवढंच विचारायचो, "भार कुठे होता?" "टाचेवर" असं उत्तर यायला तीन आठवडे लागले.

स्पर्धा जवळ असेल तर जड पुल दहा दिवस आधी थांबवा, जड स्क्वॉट सहा-सात दिवस आधी. आणि वजनगटावर लक्ष ठेवा. स्क्वॉटच्या महिन्यांत भूक वाढते, दीड-दोन किलो सहज चढतात, आणि गटाच्या काठावर असलेल्याला ते शेवटच्या आठवड्यात उपाशी राहून उतरवावे लागतात. मिळवलेली ताकद त्यातच जाते.

गुडघ्याच्या वाटीखाली किंवा कमरेत दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकणारी कळ येत असेल तर गणित बाजूला ठेवून वजन कमी करा, आणि आठवड्यात उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आठव्या आठवड्यात काम निम्मं करा आणि पहिल्या पायरीतल्याच क्रमाने, तेच बूट, तीच खोली ठेवून पुन्हा मोजा. स्क्वॉट वाढला आणि लिफ्ट जागेवर राहिली तर घाबरू नका, पुढचा महिनाभर स्क्वॉट टिकवून लिफ्ट जड करा, नवी ताकद उतरायला तेवढा वेळ लागतो. स्क्वॉट वाढलाच नाही तर आधी झोप आणि जेवण विचारा, कार्यक्रम नंतर.

फळ्यावरच्या त्या दोन ओळी आठ आठवड्यांनी अशा झाल्या. मुलगी : बॅक स्क्वॉट 92, फ्रंट 81, क्लीन अँड जर्क 72. मुलगा : बॅक स्क्वॉट तोच 135, क्लीन अँड जर्क 98. शंभर नाही झाले. 100 चा क्लीन त्याने खांद्यावर घेतला, उठलाही, आणि जर्क पुढे पाडला. व्हिडिओ पाहिला तर डिपमध्ये टाचा उचललेल्या. त्याने स्वतःच खडू घेतला आणि नावासमोर लिहिलं : डिप.